कोठीतली निळी डिस्क

९ मार्च

गच्चीवर गहू दोन दिवस वाळले होते, म्हणून त्या सकाळी आधी कोठी पुसायला घेतली. नळाचं पाणी भरून झालेलं, दूध तापलेलं, अंगण झाडलेलं. कोठीच्या तळाशी कडुनिंबाचा पाला पसरला. सुपाने गहू ओतले. अर्धी कोठी भरल्यावर कीड लागू नये म्हणून गोळ्या फडक्यात बांधून टाकल्या. मग सासूबाई करायच्या तसं घरातलं धन गव्हाच्या मधोमध ठेवलं. त्यांच्या चांदीच्या पाटल्या, माझी पोत, आणि यांची कॉम्प्युटरची निळी हार्ड डिस्क, जुन्या पातळाच्या पिशवीत गुंडाळून. चोर कपाट फोडतो, कोठीत हात घालत नाही, असं सासूबाई म्हणत. वरून पुन्हा गहू. झाकण लावून कडेने कापडाची पट्टी घट्ट बांधली. हात धुतले, भाकरी टाकल्या. काम नीट झालं असं वाटलं होतं.

ही सकाळ मागच्या एप्रिलमधली. यांना जाऊन तेव्हा चार महिने झाले होते.

गेल्या आठवड्यात सरलाचा फोन आला म्हणून कोठीत खांद्यापर्यंत हात घालून डिस्क काढली. कॉम्प्युटरला लावली. काही नाही. तिचा बारका दिवासुद्धा लागला नाही. तार बदलून पाहिली, तरी नाही. पाटल्या काळ्याठिक्कर पडलेल्या. त्या चिंचेने घासल्या, निघाल्या.

तिच्यात यांचं बावीस वर्षांचं काम. शहाद्याला एस.टी. स्टँडसमोर स्टुडिओ होता तेव्हापासूनची लग्नं, साखरपुडे, बारशी. आमच्या गावातली, ब्राह्मणपुरीतली, निम्मी माणसं तिच्यात आहेत. जुन्या व्हिडिओ कॅसेटींना बुरशी यायला लागली तेव्हा यांनी सगळ्या तिच्यात उतरवल्या आणि कॅसेटी टाकून दिल्या. दुसरीकडे कुठे काही नाही.

सरलाला फोनवर सांगितलं, आहे, शोधून देते.

१२ मार्च

सरलाचा पुन्हा फोन. मी पुन्हा तेच सांगितलं.

ही सरला म्हणजे आमच्या गल्लीतल्या जमनाबाईची मुलगी. आमच्या मुलीची, वर्षाची, शाळेपासूनची मैत्रीण. दिली तळोद्याकडे. जमनाबाई श्रावणात गेली. तिला फोटोचं वावडं होतं. कॅमेरा दिसला की पदर तोंडावर, नाहीतर तळहात आडवा. म्हणायची, फोटू काढला का आयुष्य कमी व्हस. सरलाच्या लग्नात मात्र यांनी तिला पकडली. पंगत वाढताना कोणीतरी काही बोललं आणि ती हसली, पदर खांद्यावर, दोन्ही हात भाताने भरलेले, त्यामुळे तोंड झाकता आलं नाही. घरी आल्यावर यांनी तेवढा तुकडा मला दोनदा दाखवला होता.

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, गेलेल्या माणसांच्या नावाने घागर भरायची; यंदा जमनाबाईची पहिली. सरलाला घागरीजवळ ठेवायला आईचा फोटो हवा आहे. आधारकार्डावरचा आहे, पण ती म्हणते, "काकू, तो फोटू ते पोलिसस्नी काढेल वाटस. ती मन्ही मायच नही."

आखाजीला दीड महिना आहे.

१५ मार्च

वर्षाचा सुरतहून फोन. सरलाने तिला सांगितलं होतं की काकू शोधत आहेत. व. एकदम काळजीत. पप्पांचं सगळं एकाच डिस्कवर? आणि ती डिस्क किती वर्षांची? मी म्हटलं, चांगली आहे.

व. म्हणाली, डिस्क ही मरायचीच असते, कधी मरेल तेवढाच प्रश्न. घरात एक पेटी बसवू, दोन डिस्कवाली. दोन्हींवर एकच मजकूर, एक गेली तर दुसरी चालू. रात्रंदिवस चालेल. घरातल्या वाय-फायवरून तू फोनवर फोटो पाहशील, मी इथून पाहीन. नेटवरच्या भाड्याच्या जागेत ठेवायचं तर आपल्या गावच्या नेटने एवढं चढवायला वर्ष जाईल.

मी हो म्हटलं. नाही म्हणायला कारण सांगावं लागलं असतं.

तर आता जे माझ्याजवळ नाही ते ठेवायला मी पेटी निवडणार.

१६ मार्च

दुसरी गोष्टही लिहून ठेवते, म्हणजे नंतर मलाच माझ्याशी खोटं बोलता येणार नाही. यांच्या टेबलाच्या खणात एक नवी डिस्क आहे, प्लास्टिकसुद्धा न फोडलेली. वर यांच्या अक्षरात चिठ्ठी, "नक्कल". दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी मला म्हणाले होते, निळीवरचं सगळं हिच्यावर उतरवून घे, तुला येतं. खरंच येतं मला. यांनीच शिकवलं. दोन तासांचंही काम नव्हतं, लावून द्यायचं आणि भाकरी करायला उठायचं.

नाही केलं. का, ते आज लिहीत नाही.

१९ मार्च

व. ने यादी पाठवली, अर्धी इंग्रजीत. शब्दकोश घेऊन बसले. सातवीपर्यंतच शाळा झाली, पुढचं सगळं असंच, शब्दकोश मांडीवर घेऊन. गावात मला "वाचनारी" म्हणतात. कोणाला औषधाच्या पुडीवरचं वाचून हवं असलं, तहसीलचा कागद आला, की माझ्याकडे. त्याचं मला आतून बरं वाटतं, हे आज कबूल करायला हरकत नाही.

यादीतलं समजलं तेवढं:

पेटीतल्या डिस्का रात्रंदिवस चालण्यासाठी केलेल्या हव्यात. साध्या डिस्का अधूनमधून चालण्यासाठी असतात. काही डिस्कांमध्ये जागा वाचवायला ओळीवर ओळ चढवून लिहितात, कौलांसारखं. त्यातलं एक कौल बदलायचं तर शेजारची हलवावी लागतात. अशा पेटीत घेऊ नयेत. दोन डिस्का एकाच दिवशी एकाच घाण्यातल्या घेऊ नयेत, एकीत दोष असला तर दुसरीतही असायचा. आणि एक ओळ व. ने जाड अक्षरात लिहिली आहे: पेटी म्हणजे नक्कल नव्हे. पेटीत एकीवरून पुसलं की दुसरीवरूनही पुसलं जातं. म्हणून तिसरी डिस्क वेगळी, वेगळ्या जागी.

वाचताना मजा येत होती. तासभर निळीची आठवण आली नाही. मग आली.

२३ मार्च

नंदुरबारला गेले, शहाद्याहून बस बदलून. निळी पर्समध्ये. रिक्षा मिरचीच्या पथाऱ्यांजवळून गेली, शिंकांनी डोळ्यांत पाणी आलं. रिक्षावाला म्हणाला, बाई, बाहेरगावच्या का. मी म्हटलं, शहादा तालुक्यातली. तो म्हणाला, मंग बाहेरगावच्याच.

इक्बालभाईंचं दुकान यांच्या ओळखीचं. कॅमेरे, कॉम्प्युटर सगळं यांनी तिथूनच दुरुस्त करून घेतलं. त्यांनी आधी यांची आठवण काढली, चहा सांगितला. मग निळी उघडली. आतली हिरवी पाटी बघून चष्मा वर केला. पाटीवरची तांब्याची टोकं काळी पडलेली, काही ठिकाणी पांढरट.

"काकू, ही ठेवली कुठे होती?"

"कपाटात," मी म्हटलं.

"कपाट मोरीजवळ आहे का?"

"हो. ओल आहे थोडी."

मोरीजवळ माझ्या घरात कपाट नाही. कोठी म्हणायला तोंड उघडलं होतं. पण बाकावर दोन गिऱ्हाईकं बसली होती आणि इक्बालभाई मला यांची बायको म्हणून ओळखतात, जी पुस्तकं वाचते. या बाईने डिस्क गव्हात पुरली, हे मला तिथे सांगता आलं नाही.

ते म्हणाले, ओलीने झालं असेल तर टोकं साफ करून बघू. खोडरबराने घासली. वीज दिली. काही नाही. पुन्हा घासलं, पुन्हा वीज. तिसऱ्या वेळी आतून टक् टक् असा आवाज आला आणि थांबला. त्यांनी लगेच तार काढली. म्हणाले, आवाज चांगला नाही. ठेवून जा, विचार करतो.

पेटीचंही बोलणं झालं. त्यांनी दोन डिस्का दाखवल्या, नव्या, प्लास्टिकमध्ये. मी विचारलं, किती तास चालल्या आहेत ते दाखवा. ते जरा चमकले, मग खूश झाले. एक लावली. पडद्यावर तासांचा आकडा आला, पाचेक वर्षं अखंड चाललेली. कुठल्यातरी मोठ्या कंपनीतून निघालेली, पुसून नव्या प्लास्टिकमध्ये घातलेली. "कागद नवा, माल म्हातारा," ते म्हणाले. "मलाही व्यापाऱ्याने असंच गंडवलंय, परत पाठवतो." दुसरीचा आकडा शून्य. ती ठेवून घ्यायला सांगितली. तिच्या जोडीची व. सुरतहून पाठवेल, म्हणजे घाणा वेगळा होईल.

मी विचारलेल्या प्रश्नांचं त्यांनी कौतुक केलं. घरी येईपर्यंत तेच कौतुक टोचत होतं.

२८ मार्च

नाना येऊन गेले. हे माझे धाकटे दीर, वीज मंडळातून निवृत्त झालेले. पेटीचं कळल्यावर हसले. "वहिनी, पेटी कितली बी भारी लई या, अर्थिंग नही ते सगळं पानीमा."

मीटरजवळची अर्थिंगची तार दिव्याला जोडून पाहिली. अर्थिंग नावालाच होतं. मग स्वतःच परसात कुदळ घेतली. सत्तरीला टेकलेला माणूस, दोन तास खणत होता. मी टोपल्या उचलल्या. खड्ड्यात पत्रा, थरावर थर कोळसा आणि खडं मीठ. वर पाइप सोडला. म्हणाले, उन्हाळाभर रोज एक तांब्या पाणी या पाइपात. तुळशीले घालतस तसं याले घाला.

दुपारी जेवताना म्हणाले, दादाचं काम टिकेल आता. यांना ते दादा म्हणत. माझा घास तोंडातच फिरत राहिला. नानांनी वाटीत अजून वरण वाढलं, म्हणाले, तिखट लागलं का.

वरणात तिखट नव्हतं.

२ एप्रिल

पेटी कुठे ठेवायची याचा विचार तीन दिवस चालला आहे. स्वयंपाकघरात फोडणीचा धूर. गच्चीच्या खोलीत दुपारी बसवत नाही, डिस्क काय जगणार. देवघराच्या खाली अगरबत्तीची राख. मधल्या खोलीत उत्तरेच्या भिंतीला कोनाडा आहे, तिथे थर्मामीटर ठेवून सकाळी, दुपारी, संध्याकाळी बघते. दुपारी चौतीसच्या वर गेलं नाही. बाहेर बेचाळीस. तोच कोनाडा पक्का.

एवढं नीट मी मागच्या एप्रिलमध्ये पाच मिनिटं जरी बघितलं असतं तर.

६ एप्रिल

पेटी आली. वर्षाने पाठवलेली डिस्कही आली. नाना आणि मी मिळून बसवलं, व. फोनवर दिसत होती. बॅटरीचा डबा खाली, पेटी वर, पाठीमागे चार बोटं जागा. कळ दाबल्यावर घरघरली, मग शांत झाली. दोन हिरवे दिवे.

फोनवर पेटीचं पान उघडलं. भरलेली जागा: शून्य.

व. म्हणाली, आई, आता निळी लाव, मी इथून बघते. मी म्हटलं, तिची तार सापडत नाही. ती म्हणाली, असू दे, आखाजीला मी येतेच आहे, मी करीन. नाना म्हणाले, मन्हा जोडे तार शे, लई येस. मी म्हटलं, नको नाना, ती वेगळी तार लागते.

नाना वीज मंडळात छत्तीस वर्षं होते. त्यांना तार कळत नाही असं मी म्हणाले. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि हत्यारं पिशवीत भरली.

११ एप्रिल

पेटीची बातमी गल्लीत पसरली. बायका यायला लागल्या. कोणी मोबाइलचं कार्ड, कोणी पेनड्राइव्ह, एकीने मुलाच्या जावळाची सीडी आणली. मी नावं लिहून घेऊन उतरवून देते. काम चोख होतंय. दोन्ही दिवे हिरवे असतात.

आज शेजारची म्हणाली, तिचं कार्ड हातात देताना, "वाचनारीना घर शे. आठे काय बिघडनार शे?"

मी कार्ड घेतलं. घ्यायला नको होतं.

१४ एप्रिल

नवा गहू आला. नाना कोठीसाठी गोळ्यांचा डबा घेऊन आले. म्हणाले, टाकताना दार उघडं ठेवा, वास घेऊ नका, जहर शे. ते गेल्यावर डबा ओट्यावर ठेवला आणि उगाच, सवयीने, वरचं वाचायला लागले. मराठीत मोठ्या अक्षरात दोन ओळी आहेत, विष, लहान मुलांपासून दूर ठेवा. खाली मुंगीएवढ्या इंग्रजीत बरंच काही. भिंग आणलं, शब्दकोश आणला.

या गोळ्यांतून निघणारा वायू तांबे, पितळ, चांदी, सोने यांना खातो. धुरी देण्याआधी विजेची व इलेक्ट्रॉनिक उपकरणे बाहेर काढावीत.

मागच्या वर्षीचा रिकामा डबा अजून मोरीवर आहे, त्यात धुण्याचा सोडा ठेवते. त्याच्यावरही हीच ओळ. वर्षभर रोज हातात धरला.

गावाच्या औषधाच्या पुड्या वाचते मी.

१५ एप्रिल

काल लिहिलं त्याने भागत नाही. डिस्क सुरक्षित राहावी म्हणून कोठीत ठेवली, हे अर्धंच खरं आहे.

प्रत्येक फिल्ममध्ये यांचा आवाज आहे. कॅमेऱ्याच्या मागून. इकडं बघा. हां. हलू नका. नवरीबाई, जरा हसा, सासरी नाही चाललात अजून. चार महिन्यांनी एकदा नक्कल करायला बसले होते. कॉपी करायच्या आधी चुकून एक फिल्म उघडली गेली आणि यांनी खोलीत येऊन म्हणावं तसं, "हां, असंच बसा." मी कॉम्प्युटरची पिनच उपटली. दुसऱ्या दिवशी गहू कोठीत भरले. डिस्क इतकी खोल ठेवली की गहू संपेपर्यंत हात पोचू नये. तो आवाज मला घरात नको होता.

आता तोच आवाज गेला आणि गावाचंही सगळं सोबत गेलं. दुःख माझं होतं, किंमत जमनाबाईच्या मुलीने द्यायची.

१७ एप्रिल

नंदुरबार. इक्बालभाईंना खरं सांगितलं. दुकानात आज चार माणसं होती. थांबले नाही.

ते चिडले नाहीत. बराच वेळ निळी हातात फिरवत राहिले. म्हणाले, गव्हात डिस्क ठेवलेली पहिल्यांदा ऐकतो, पण मिरचीच्या गोदामातले कॉम्प्युटर रोज बघतो, आत सगळी लाल धूळ, तरी मालक म्हणतो काल तर चालत होता. ते मला बरं वाटावं म्हणून बोलले.

मग म्हणाले, "काकू, त्या दिवशी सांगितलं असतं तर मी हिला वीज लावलीच नसती."

ओल असती तर घासून वीज देणं बरोबर होतं. वायूने खाल्लेलं असेल तर वरची पाटी आधी पूर्ण बदलावी लागते, नाहीतर वेडीवाकडी वीज आत शिरते. तो टक् टक् आवाज आतल्या सुईचा होता. आधी फक्त पाटी गेली असेल, आत सगळं शाबूत असेल. आता सांगता येत नाही.

म्हणजे कोठीने अर्धं मारलं आणि "कपाटात" या एका शब्दाने उरलेलं.

मुंबईत एक लॅब आहे, धूळ नसलेल्या खोलीत डिस्क उघडतात. तिथे पाठवायचं ठरलं. फॉर्म भरायचा होता. डिस्कला काय झालं? मी लिहिलं: धान्याच्या कोठीत वर्षभर, कीडनाशक गोळ्यांसोबत. त्यानंतर तीन वेळा वीज दिली, कारण मी खरं सांगितलं नव्हतं. इक्बालभाई म्हणाले, शेवटचं वाक्य लॅबला लागत नाही. मी तसंच ठेवलं.

आशा किती, विचारलं. ते म्हणाले, ठेवू नका, पण पाठवू.

२४ एप्रिल

लॅबचा काही निरोप नाही. परसातल्या पाइपात तांब्याभर पाणी घालते. थर्मामीटर पाहते, छत्तीस. पेटीच्या मागची खिडकी दुपारी ओल्या गोणपाटाने झाकते, गोणपाट पेटीपासून हातभर लांब. पेटीचं सगळं करते. पेटीशी वागणं सोपं आहे.

नानांना सांगायचं ठरवलं होतं. ते आले, पंख्याचा रेग्युलेटर दुरुस्त केला, गेले.

२८ एप्रिल

सरला माहेरी आली. थेट माझ्याकडे. हातात फ्रेम. शहाद्याहून करून आणलेली, काचेची, आत अजून दुकानाचा कोरा पुठ्ठा. गल्लीत शिरल्यापासून सगळ्यांना दाखवत आली असणार.

"माले काय आख्खी फिलीम नको, काकू. मायनं तोंड दिसनं म्हंजे व्हयनं."

मी म्हटलं, वर्षा येऊ दे, ती काढून देईल.

"तुम्हना जोडे शे म्हनीसन माले काळजी नही," ती म्हणाली आणि माझ्या हातचा चहा पिऊन गेली. जाताना पेटीच्या दिव्यांकडे पाहून हात जोडले, अर्धे गमतीने.

सरलाशी तिसऱ्यांदा खोटं. तोंडावर पहिल्यांदा.

३० एप्रिल, आखाजी

यांची घागर भरली. मातीची घागर, वर डांगर म्हणजे खरबूज, सांजोऱ्या, आमरस. पितरांच्या नावाने चुलीतल्या निखाऱ्यावर नैवेद्याचा घास, आगारी, टाकली. यांचा फोटो आहेच, फोटो काढणाऱ्याचा एकच, दुसऱ्याच कोणीतरी काढलेला, थोडा हललेला.

व. काल आली. आज जेवणं झाल्यावर म्हणाली, आण गं निळी, सरला वाट बघतेय. मी भांडी घासत होते. हात न थांबवता सांगितलं. कोठी, गोळ्या, कपाट, तीन वेळची वीज, मुंबई. "नक्कल" लिहिलेल्या डिस्कचंही सांगितलं. एका दमात, पातेल्याकडे बघून.

मी वळून पाहिलं तर चौकटीला टेकून उभी होती, लहानपणी शाळेतून येऊन उभी राहायची तशी.

"पप्पांचा आवाजपण?" ती म्हणाली.

मी हो म्हटलं.

मग ती परसात गेली. बराच वेळ आली नाही. आली तेव्हा डोळे धुतलेले. चिडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, मला पहिल्याच फोनवर का नाही सांगितलंस. मी म्हटलं, तू पेटीबद्दल बोलायला लागलीस. कारण म्हणून हे किती पोकळ, ते बोलता बोलताच कळलं.

व. म्हणाली, सरलाला मी सांगते, ती माझ्यावर चिडणार नाही. मी म्हटलं, नको.

तरी दुपारभर गेले नाही. डोकं दुखतंय म्हणून आतल्या खोलीत पडून राहिले. झोक्यावरच्या मुलींची गाणी ऐकू येत होती. संध्याकाळी शेजारची सांगून गेली, जमनाबाईच्या घागरीजवळ सरलाने कोरी फ्रेमच ठेवली, सगळ्यांना सांगत होती, काकू उद्या देणार आहेत.

व. उशाशी येऊन बसली. म्हणाली, नाना काका विचारत होते, तार सापडली का. त्यांना तू सांगशील की मी? मी म्हटलं, सगळ्यांनाच मी.

२ मे

लॅबचा मेसेज सकाळी आला. डिस्क उघडली आहे, तपासणी चालू आहे, इतकंच. काही मिळेल न मिळेल त्यांनाही माहीत नाही. व. ने तीन वेळा वाचला, जणू अजून एखादी ओळ निघेल. दुपारच्या गाडीने गेली. जाताना "नक्कल"वाली डिस्क खणातून काढून माझ्या हातात दिली, गल्लीतल्या बायकांचं सगळं पेटीतून हिच्यावर उतरव म्हणाली, आज. उतरवायला लावली आहे, चालू आहे.

कालचं लिहायचं राहिलं.

आखाजीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी आंघोळ करून एकटीच जमनाबाईच्या घरी गेले. सरला ओट्यावर बसून घागरीतलं पाणी झाडाला घालत होती. तिने पाट सरकवला, मी बसले नाही. उभ्यानेच तिला सगळं सांगितलं. ऐकून तिने आतून कोरी फ्रेम आणून माझ्या हातात दिली आणि घागरीतलं उरलेलं पाणी झाडाला घातलं.